कर्करोगाचे उपचार संपल्यानंतर कोणी काय पाहायचे?

डिचोली तालुक्यातील एका गृहस्थांनी आपल्या ५४ वर्षांच्या आईविषयी विचारले आहे. डाव्या स्तनाच्या कर्करोगासाठी मुंबईत शस्त्रक्रिया झाली, स्तन आणि काखेतील लसिकाग्रंथी काढण्यात आल्या, त्यानंतर बांबोळीला केमोथेरपी आणि रेडिएशन पूर्ण झाले आणि आता रोज लेट्रोझोलची एक गोळी चालू आहे. डॉक्टरांनी सगळे व्यवस्थित असल्याचे सांगून तीन महिन्यांनी यायला सांगितले आहे. रिपोर्ट चांगले आहेत, तरीही आई पूर्वीसारखी नाही. ती लवकर थकते, हात जड वाटतो म्हणते आणि रात्रीची जागी असते. हे कशाने होते, इस्पितळातून घरी आल्यावर नर्सचे काही काम उरते का, आणि चतुर्थीला आईला घरातली कामे करू द्यावीत की नाही, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

आपण जे लिहिले आहे ते कर्करोग विभागात काम करणाऱ्या माझ्यासारख्या कोणत्याही सिस्टरला ओळखीचे वाटेल. उपचार चालू असताना रुग्णाचा दिवस बांधलेला असतो. आज रक्त, उद्या केमो, मग आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन, आणि प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी ‘आज कसे वाटते?’ असे विचारणारे असते. शेवटचा डोस झाला की हे विचारणे एका दिवसात थांबते. घरच्यांना वाटते, सुटलो. रुग्णाला मात्र त्याच दिवसापासून भीती वाटू लागते, कारण आजवर काहीतरी चालू होते आणि आता काहीच चालू नाही. फिट्झह्यू मलन या अमेरिकी डॉक्टरांना स्वतःला कर्करोग झाला होता. १९८५ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी लिहिले की बुडणाऱ्याला पाण्याबाहेर ओढण्याच्या कलेत आपण तरबेज झालो आहोत, पण बाहेर काढल्यावर त्याला धक्क्यावर खोकत ठेवून आपण निघून जातो. आजारानंतरच्या काळाचे त्यांनी तीन टप्पे केले: निदान आणि उपचारांचा, उपचार संपल्यानंतरच्या सावध प्रतीक्षेचा, आणि आजार परतण्याची शक्यता बरीच कमी झाल्यानंतरचा. आपल्या आई दुसऱ्या टप्प्याच्या उंबरठ्यावर आहेत. माझ्या अनुभवात तिन्हींपैकी याच टप्प्याला सर्वांत कमी वाली असतो, आणि शुश्रूषेचे खरे काम याच टप्प्यात असते.

सुरुवात एका कागदापासून करावी. गोव्यातील बऱ्याच कुटुंबांची स्थिती आपल्यासारखीच असते: शस्त्रक्रिया परळच्या टाटा इस्पितळात, केमो बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात), एखादे स्कॅन खाजगी केंद्रात, तर काहींचे उपचार बेळगाव किंवा मणिपालला. कागद तीन-चार फायलींत विखुरलेले असतात आणि कोणाकडेच पूर्ण चित्र नसते. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून उपचारांचा एक-दोन पानांचा सारांश मागून घ्या. त्यात आजाराचा नेमका प्रकार आणि टप्पा, ईआर, पीआर आणि हर-टू (गाठीवर कोणती औषधे चालतील हे सांगणाऱ्या तपासण्या) यांचे निकाल, शस्त्रक्रियेचे नाव, किती ग्रंथी काढल्या आणि त्यांतील किती बाधित होत्या, रेडिएशनचा एकूण डोस आणि जागा, आणि प्रत्येक केमो औषधाचे नाव व एकूण मात्रा ही माहिती असावी. एकूण मात्रेला महत्त्व का, ते एका उदाहरणावरून कळेल. स्तनाच्या कर्करोगात सर्रास दिल्या जाणाऱ्या डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या औषधाचा हृदयाच्या स्नायूवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे आयुष्यभरात शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे ते दिले जात नाही. उद्या दुर्दैवाने पुन्हा केमो द्यावी लागली, किंवा पाच वर्षांनी दम लागतो म्हणून त्या दुसऱ्याच डॉक्टरांकडे गेल्या, तर हा आकडा समोर असणे आवश्यक ठरते. हर-टू साठीची ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शने चालू असतील तर साधारण दर तीन महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागतो, त्याच्या तारखाही त्याच कागदावर असाव्यात. मूळ कागद घरी ठेवा, एक प्रत आईंच्या पिशवीत आणि एक मोबाइलमध्ये. हा सारांश तयार करून घेण्यात वॉर्डातील किंवा डे-केअरमधील सिस्टर मोठी मदत करू शकते, कारण फाईलमधले कोणते पान कुठे आहे हे बहुधा तिलाच ठाऊक असते.

आता हाताविषयी. जड वाटतो ही तक्रार आपण थकव्याबरोबर सहज लिहून गेला आहात, पण आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मला तेच वाटले. काखेतील ग्रंथी काढल्या आणि त्यावर रेडिएशन झाले की हातातील लसीका, म्हणजे पेशींभोवतीचा स्वच्छ द्रव, परत वाहून नेणारे मार्ग कमी होतात. द्रव साचू लागतो आणि सूज येते; तिला लिम्फिडीमा म्हणतात. ज्यांना ती येते त्यांतील बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, काहींना पुष्कळ उशिरा. डोळ्यांना दिसण्याआधी ती जाणवते. बांगड्या कोपराकडे सरकवताना अडतात, अंगठी घट्ट होते, ब्लाउजची बाही एकाच हाताला रुतते, संध्याकाळी हात भरल्यासारखा वाटतो. याच वेळी पकडली तर ती आटोक्यात राहते. महिनोन्महिने दुर्लक्ष झाले तर कातडी जाड आणि कडक होते आणि मग ती पूर्ण उतरवणे कठीण जाते.

मोजायचे कसे, ते सांगते. शिवणकामाची साधी टेप घ्या. आईंना दोन्ही हात टेबलावर सैल ठेवून बसू द्या. कोपराच्या घडीपासून १० सेंटीमीटर खाली आणि १० सेंटीमीटर वर बॉलपेनने बारीक खूण करा, तसेच मनगटाभोवती आणि तळव्याभोवती, अशा चार जागी दोन्ही हात मोजा. टेप आवळू नये, नुसती टेकवावी. आकडे तारखेसह वहीत लिहा आणि महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच वेळी, पुन्हा मोजा. एखाद्या जागी दोन हातांत २ सेंटीमीटर किंवा अधिक फरक दिसला, किंवा फरक महिन्यागणिक वाढू लागला, तर तीन महिन्यांच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा हात मुळातच थोडा जाड असतो, त्यामुळे पहिल्या दिवसाचे आकडे जपून ठेवणे महत्त्वाचे. आमच्याकडे ही मोजणी बहुधा सिस्टर किंवा फिजिओथेरपिस्ट करतात. घरी केली म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही. सूज ठरली तर मापाची दाबबाही, हलक्या हाताने द्रव वर सरकवण्याचे मालीश, पट्ट्या आणि व्यायाम असा उपचार असतो. हे मालीश शिकून घ्यावे लागते. गावात तेल लावून जोरात हात चोळणाऱ्या बाईंना बोलावू नये.

त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा किंवा सुई लावू देऊ नका असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. एखाद्या वेळी असे झाले तर त्यामुळे सूज येते, याला अलीकडच्या अभ्यासांत फारसा आधार मिळालेला नाही. तरीही दुसरा हात उपलब्ध असताना तोच वापरावा. खरा धोका जंतुसंसर्गाचा असतो आणि तो आपल्या स्वयंपाकघरातच आहे. मासळी साफ करताना शेंगटाचा काटा टोचणे, विळीवर नारळ खवताना बोट सोलवटणे, कुळागरात काम करताना सुपारीच्या झावळीचा ओरखडा, लावणीच्या दिवसांत पायांबरोबर हातही तासन्तास चिखलात असणे, यांतील कोणतीही जखम निरोगी हाताला दोन दिवसांत विसरता येते. या हाताला ती विसरता येत नाही. हात लाल, गरम झाला, दुखू लागला आणि अंगात कणकण आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण अँटिबायोटिक लवकर सुरू करावे लागते. मासळी साफ करताना जाड रबरी हातमोजे, विळीऐवजी किसणी किंवा यंत्र, आणि रोज रात्री साधे मलम चोळून कातडी मऊ ठेवणे एवढे केले तरी पुष्कळ साधते.

चतुर्थीचा प्रश्न इथेच येतो. माझे उत्तर असे आहे की आईंना काम करू द्यावे, मात्र सगळे नव्हे आणि सलग नव्हे. हात गळ्यात अडकवून ठेवल्याने सूज टळते ही समजूत चुकीची आहे. हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाने, अगदी हलकी वजने उचलल्यानेही, सूज वाढत नाही हे अभ्यासांतून दिसले आहे. उलट हात न हलवल्याने खांदा आखडतो आणि मग केस विंचरणेही जमत नाही. नेवऱ्यांच्या पाऱ्या लाटणे, भाजी चिरणे, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला, बांधायच्या फळांची जुडी करणे ही कामे त्यांनी बसून, अर्ध्या तासाने विश्रांती घेत करावीत. माटोळी बांधायला शिडीवर चढून हात वर धरून उभे राहणे, पाण्याने भरलेला हंडा उचलणे आणि चुलीपुढे तापलेल्या तेलाजवळ दोन तास बसणे या वर्षी दुसऱ्या कोणी करावे. आपण त्यांना काही करू देत नाही याचे कारण काळजी हेच आहे, ते मला कळते. पण ज्या घरात तीस वर्षे सगळे त्यांच्या हातून गेले त्या घरात पाटावर बसवून ठेवलेल्या बाईला आपण आजारी असल्याची आठवण दर क्षणी होत राहते. काय करायचे आणि काय नाही, हे त्यांनाच विचारून ठरवा.

थकव्याविषयी दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एक थकवा असा की त्याला कारण सापडते: हिमोग्लोबिन कमी असणे, थायरॉइड मंदावणे, वेदनेमुळे झोप न होणे, मन खिन्न असणे. ही कारणे तपासून दूर करता येतात, म्हणून ‘केमो झाली की असेच होते’ असे म्हणून सोडून देऊ नये. दुसरा थकवा उपचारांनंतर महिनोन्महिने, कधी वर्षभराहून अधिक रेंगाळतो. झोप घेऊनही तो जात नाही आणि केलेल्या कामाच्या मानाने तो फारच जास्त असतो. यावर आज सर्वांत भरवशाचा उपाय म्हणून हालचालच सांगितली जाते, हे ऐकून रुग्णाचे नातेवाईक माझ्याकडे संशयाने पाहतात. आठवड्याला मध्यम गतीच्या चालण्याची १५० मिनिटे हे उद्दिष्ट असते, परंतु सुरुवात दिवसाला दहा मिनिटांनी केली तरी चालते. आपल्याकडे सकाळी आठनंतर ऊन आणि घाम नको होतो, पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही. त्या दिवसांत सोप्यावर किंवा राजांगणाभोवती फेऱ्या माराव्यात. दिवसाची कामे एकाच सकाळी उरकण्याची सवय मात्र सोडावी लागते.

केमोत पॅक्लिटॅक्सेल हे औषध असेल तर पायांच्या बोटांना बधिरपणा किंवा मुंग्या आहेत का, हे विचारा. हा त्रास पुष्कळदा हळूहळू कमी होतो, पण पूर्ण जाईलच असे नसते. पायाला चटका जाणवत नसेल तर एप्रिल-मे महिन्यांत देवळाच्या तापलेल्या फरसबंदीवर अनवाणी प्रदक्षिणा घालणे धोक्याचे आहे. पहाटे जावे, किंवा पायमोजे घालावेत. आणि रात्री झोपण्यापूर्वी तळपाय पाहून घ्यावेत.

रात्रीच्या जागरणाचे एक कारण आपण रोज देत असलेली गोळी असण्याची शक्यता आहे. लेट्रोझोल शरीरातील इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन जवळजवळ नाहीसे करते, त्यामुळे अंगातून वाफा येणे, घाम, सकाळी सांधे आखडणे आणि हाडे हळूहळू विरळ होणे हे त्रास होतात. याच जागी टॅमॉक्सिफेन ही इस्ट्रोजेनला अडवणारी दुसरी गोळी असती तर आम्ही वेगळ्या गोष्टींवर लक्ष ठेवले असते, म्हणजे पाळी गेल्यानंतर होणारा रक्तस्राव किंवा एका पोटरीला अचानक आलेली दुखरी सूज. या गोळ्या किमान पाच वर्षे, काहींना त्याहून अधिक काळ घ्यायच्या असतात, आणि आजार परतण्याची शक्यता कमी करण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. तरीही त्या परस्पर बंद करणाऱ्या स्त्रिया मी पाहते, आणि त्यांतील बऱ्याच जणींनी त्रास कोणाला सांगितलेलाच नसतो, कारण डॉक्टरांपुढची दोन मिनिटे रिपोर्ट दाखवण्यातच संपतात. हे नर्सने विचारून काढून घ्यायचे असते. सांध्यांचे दुखणे व्यायामाने आणि साध्या वेदनाशामकाने कमी होते, नाहीच झाले तर डॉक्टर त्याच गटातील दुसरी गोळी देऊन पाहतात. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी सुरुवातीला आणि पुढे साधारण दोन वर्षांनी करतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील त्या मात्रेत घ्यावे. वाफांसाठी औषधाच्या दुकानातून हॉर्मोनच्या गोळ्या आणू नयेत. आईंना हे विचारताना मुलगा म्हणून आपल्याला अवघड वाटेल, त्यांनाही वाटेल. हे काम सिस्टरवर किंवा घरातील एखाद्या विश्वासातील स्त्रीवर सोपवा.

तपासण्यांबाबत घरोघरी एक गैरसमज असतो की दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन केला तर आजार लवकर सापडून माणूस वाचतो. कसलीही तक्रार नसलेल्या स्त्रीमध्ये वारंवार स्कॅन आणि ट्यूमर मार्कर (कर्करोगाच्या खुणा शोधणाऱ्या रक्ततपासण्या) करण्याने आयुष्य वाढत नाही. खर्च आणि धास्ती मात्र वाढते. स्तनाच्या कर्करोगात पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा डॉक्टरांनी हाताने तपासणे आणि राहिलेल्या स्तनाची वर्षातून एक मॅमोग्राफी एवढेच नेमाने करायचे असते. त्यामुळे ‘फक्त तपासून पाठवले’ असे झाले तर हयगय झाली असे समजू नका. दोन तारखांच्या मध्ये काय घडले तर थांबायचे नाही, हे मात्र पाठ असावे: छातीच्या व्रणावर किंवा काखेत नवी गाठ किंवा पुरळ, दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकलेले आणि रात्री वाढणारे हाडाचे दुखणे, न थांबणारा कोरडा खोकला किंवा दम, उलटीसह सतत डोकेदुखी, कावीळ, कारण नसताना घटणारे वजन. पाय अचानक लुळे पडले किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर तो तातडीचा प्रकार आहे, रात्र असली तरी १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

आपला प्रश्न स्तनाच्या कर्करोगाचा असला तरी हे वाचणाऱ्यांच्या घरी इतर आजार असतील, म्हणून थोडे त्यांच्याविषयीही. तोंडाच्या कर्करोगानंतर तोंड किती उघडते ते पाहावे. स्वतःची तीन बोटे उभी आत जात नसतील तर जबड्याचे व्यायाम लगेच सुरू करावे लागतात. जबड्यावर रेडिएशन झालेल्या माणसाने दंतवैद्याला ते सांगितल्याशिवाय दात कधीही काढून घेऊ नये, कितीही वर्षे लोटली असली तरी, कारण तिथले हाड नीट भरून न येण्याचा धोका असतो. मानेवर रेडिएशन झाले असेल तर सहा ते बारा महिन्यांनी थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी करावी. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे. फेणीचा एखादा पेग ‘औषधी’ म्हणून चालतो का, असे मला अजूनही विचारले जाते. चालत नाही.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ज्यांना पोटावर स्टोमा, म्हणजे मळ बाहेर येण्यासाठी आतड्याचे तोंड, करावा लागतो त्यांच्याइतकी शुश्रूषेची गरज क्वचितच दुसऱ्या कोणाला असते. निरोगी स्टोमा लालसर, ओलसर असतो आणि त्याला स्पर्शाची वेदना नसते; पुसताना किंचित रक्त दिसले तर घाबरू नये, पण तो जांभळा-काळा दिसला तर लगेच इस्पितळ गाठावे. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत तो आकसतो, म्हणून पहिल्या दिवशी कापलेल्या मापानेच पिशवीची कातडीवर चिकटवायची चकती कापत राहिले की मोकळ्या राहिलेल्या कातडीवर मळ लागून ती सोलते. भोक स्टोमापेक्षा फार तर २-३ मिलिमीटर मोठे असावे. आपल्या दमट हवेत चकती लवकर सुटते. कातडी पूर्ण कोरडी करून, तेल किंवा पावडर न लावता, चकती तळहाताने दोन मिनिटे दाबून धरली तर ती जास्त टिकते. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. लहान आतड्याचा स्टोमा असेल तर श्रावणात वारुळावरची अळंबी, काजू आणि ओल्या नारळाचे तुकडे जपून खावेत, कारण ते न पचता अडकू शकतात; आणि मीठ व पाणी खूप जात असल्याने मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज आणि ओआरएस हाताशी ठेवावे. अशा रुग्णांपैकी अनेकांना पूजेला बसता येईल का, हा प्रश्न आतड्याहूनही मोठा वाटतो. धर्मशास्त्र माझा विषय नाही. नीट बसवलेल्या पिशवीला वास येत नाही, हे मात्र मी खात्रीने सांगते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रेडिएशननंतर योनिमार्ग आकसतो. तो मोकळा ठेवण्यासाठी डायलेटर नावाचे साधन वापरायला शिकवावे लागते. पतिपत्नीसंबंध पुन्हा कधी सुरू करावेत, वेदना झाल्या तर काय करावे, आजार जोडीदाराला लागतो का, हे प्रश्न स्त्रिया डॉक्टरांना विचारत नाहीत, आणि आपणहून विषय काढला नाही तर आम्हालाही विचारत नाहीत. कर्करोग संसर्गाने जोडीदाराला होत नाही, हे एकदा स्पष्ट सांगितले तरी काही संसारांतला अबोला संपतो.

आहाराविषयी फार लिहीत नाही. साखर खाल्ल्याने कर्करोग वाढतो, मासळी बंद करावी, लक्ष्मणफळाने आजार मुळापासून जातो, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. ताजी मासळी हा उत्तम प्रथिनांचा आहार आहे. लक्ष्मणफळाने कर्करोग बरा होतो याला माणसांवरच्या अभ्यासांचा आधार नाही, आणि त्यातील अॅनोनॅसिन हे द्रव्य मज्जासंस्थेच्या पेशींना अपाय करू शकते. कॅरिबियन बेटांवर या फळांच्या अतिसेवनाचा संबंध कंपवातासारख्या आजाराशी जोडला गेला आहे. एखादे फळ खाल्ले तर बिघडत नाही, पानांचा काढा रोज पिऊ नये. कोणतेही आयुर्वेदिक किंवा इतर औषध चालू असेल तर ते लपवू नका. आम्ही रागावणार नाही, फक्त गोळीशी त्याचे जमते का ते पाहू.

मनाविषयी एवढेच सांगते की तपासणीची तारीख जवळ आली की आठवडाभर आधी चिडचिड आणि जागरण सुरू होणे हे जवळजवळ प्रत्येकात दिसते आणि रिपोर्ट आल्यावर ओसरते. ते ओसरले नाही, जेवण तुटले, आवडीच्या गोष्टींत रस उरला नाही, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी उदासीनतेचे औषध सुरू करताना ते सांगावे, कारण पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन त्याचा परिणाम कमी करतात. आपल्या राज्याने ३० जानेवारी २०१९ रोजी कर्करोगाने आजारी असलेल्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांना, मनोहर पर्रीकरांना, नाकात नळी घालून विधानसभेत अर्थसंकल्प मांडताना पाहिले. ते धैर्य थोर होतेच, परंतु त्यानंतर ‘ते बघा कसे काम करत होते’ असे घरच्या रुग्णाला ऐकवण्याची जी पद्धत पडली ती मला योग्य वाटत नाही. ज्याला रडायचे आहे त्याला रडू द्यावे.

नर्सचे काम उरते का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर वर जागोजागी आले आहेच. नर्स औषधाची मात्रा बदलत नाही, निदान करत नाही. मोजते, शिकवते, न विचारलेले विचारते आणि कोणती तक्रार आज दाखवायची व कोणती थांबू शकते हे ओळखून योग्य माणसापर्यंत पोहोचवते. आपल्या राज्यात यासाठी स्वतंत्र नेमणूक सगळीकडे नाही आणि बाह्यरुग्ण विभागातील सिस्टरपुढे रांग लांब असते, हे मान्य करूनच मी सांगते की विभागातील एका सिस्टरशी ओळख ठेवा, दूरध्वनी करण्याची वेळ विचारून घ्या आणि वहीतले आकडे तिला वाचून दाखवा. गावच्या आरोग्य केंद्रातील किंवा उपकेंद्रातील परिचारिकेलाही सारांशाची प्रत द्या. रक्तदाब, साखर, वजन, हाताचे माप यासाठी बांबोळीपर्यंत जाण्याची गरज नसते. खाजगी संस्थेकडून घरी नर्स बोलावणार असाल तर तिची नर्सिंग कौन्सिलची नोंदणी पाहून घ्या, कारण त्या नावाखाली पुष्कळदा प्रशिक्षण नसलेल्या मदतनीस येतात. त्यांचा उपयोग आहे, पण कामाचे स्वरूप वेगळे आहे.

आईंच्या बहिणी आणि मुली असतील तर त्यांनी आपल्या तपासणीविषयी डॉक्टरांशी बोलावे. सर्वसाधारण नियम असा की आईला ज्या वयात आजार झाला त्याच्या दहा वर्षे आधी, किंवा चाळिशीत, यांतील जे लवकर येईल तेव्हा मॅमोग्राफी सुरू करावी. कुटुंबात आणखी कोणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा किंवा कोणत्याही वयात अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर जनुकीय चाचणीचा सल्ला घ्यावा. २०२१ पासून राज्यात ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ या मोहिमेतून स्तनतपासणी होत आली आहे, तिची माहिती आरोग्य केंद्रात मिळते.

तपासणीसाठी मुंबईला जाताना इस्पितळाच्या ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्रावर रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण, तर सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के भाडेसवलत मिळते. ही सवलत उपचार संपल्यानंतरच्या नियमित तपासणीलाही लागू आहे, हे बहुतेकांना माहीत नसते. थिवी किंवा करमळीहून निघण्यापूर्वी ते प्रमाणपत्र, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या राज्याच्या आरोग्यविमा योजनेचे नूतनीकरण केलेले कार्ड, उपचारांचा सारांश आणि हाताच्या मापांची वही एकाच पिशवीत ठेवा, आणि आईंना विचारायचे असलेले प्रश्न त्यांच्याच हस्ताक्षरात वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, म्हणजे डॉक्टरांच्या खोलीत गडबडीत ते राहून जाणार नाहीत.